नवा सिग्नल चांगला आहे का, हे स्क्रीनवरच्या उपग्रहांच्या आकड्यावरून कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरकडे खासगी मोजणीची कामं करणाऱ्या एका तरुण सर्व्हेअरने नवा मल्टिबँड रिसीव्हर घेतला आहे. त्यात जीपीएसचा एल५, युरोपच्या गॅलिलिओचा ई५, भारताच्या नाविकचा एल५ आणि नाविकचा नवा एल१ असे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे सगळे सिग्नल आहेत. स्क्रीनवर चाळीसच्या वर उपग्रह दिसतात. पण एल५ आणि नाविक चालू केलं की तोच पॉइंट उंचीला दोन-तीन सेंटिमीटर सरकतो, आणि केळीच्या बागेलगत तर फिक्स, म्हणजे सेंटिमीटरच्या अचूकतेचं पक्कं उत्तर, लवकर येतच नाही. ‘हे नवे सिग्नल चांगले आहेत की नाहीत हे मी स्वतः कसं तपासू? की सरळ बंद ठेवू?’ असं त्याने विचारलं आहे.

भाऊ, आधी उंचीचा घोळ मिटवू, कारण त्यात उपग्रहाचा दोष बहुधा नाहीच. अँटेनाचा फेज सेंटर, म्हणजे सिग्नल जिथे पोचला असं धरून मोजमाप होतं तो बिंदू, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळ्या जागी असतो. एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल२ (१२२७.६० मेगाहर्ट्झ) यांचे आकडे कॅलिब्रेशनच्या तक्त्यात मोजलेले असतात. एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) साठी मात्र अनेक अँटेनांचे आकडे बरीच वर्षं कोणी मोजलेच नव्हते, आणि सॉफ्टवेअर एल२ चेच आकडे एल५ ला चिकटवून पुढे जात होते. तुमचा बेस (ज्ञात जागी ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर (हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर) एकाच मॉडेलचे असतील तर ही चूक आपोआप कटते. बेस म्हणून कॉर्सचं (कायम चालू असणाऱ्या संदर्भ-केंद्रांच्या जाळ्यातलं) स्टेशन घेतलं, म्हणजे तिथे वेगळा अँटेना, तर ती उरते आणि बहुतेक सगळी उंचीत जाऊन बसते. लांब बेसलाइनसाठी एल१-एल५ चं आयनोस्फिअर-मुक्त मिश्रण (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा परिणाम बाद करणारं) वापरलं तर एल१ ला सुमारे २.२६ आणि एल५ ला उणे १.२६ ने गुणलं जातं. म्हणजे एल५ मधली एक सेंटिमीटरची चूक सव्वा सेंटिमीटर होऊन बाहेर पडते.

तपासणी सोपी आहे. तोच ट्रायपॉड, तोच डेटा, आणि प्रोसेसिंग तीनदा: फक्त एल१-एल२, फक्त एल१-एल५, आणि सगळं. आडव्यात फरक जवळजवळ नाही, उंचीत मात्र दरवेळी त्याच दिशेने तेवढाच, आणि जीपीएस घ्या की गॅलिलिओ घ्या तो तसाच, असं दिसलं तर अँटेनाचा तक्ता शोधा, सिग्नलला सोडा.

दुसरं म्हणजे ते चाळीस उपग्रह. ‘ट्रॅक’ झालेले आणि ‘वापरलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरटीकेमध्ये, म्हणजे बेसच्या दुरुस्त्या घेऊन जागेवरच उत्तर काढण्याच्या पद्धतीत, तुमच्या रोव्हरला जे दिसतं ते बेसनेही पाठवलं पाहिजे, तरच फरक काढता येतो. एनट्रिपवरून, म्हणजे इंटरनेटवरून, येणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये नाविकसाठी आरटीसीएम या ठरलेल्या स्वरूपातले ११३१ ते ११३७ हे संदेश असतात (जीपीएसचे १०७१ ते १०७७, गॅलिलिओचे १०९१ ते १०९७). कंट्रोलरमध्ये नाहीतर आरटीकेलिब या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रवाह उघडून बघा. ११३० च्या घरातलं काही येतच नसेल, तर तुमच्या आरटीकेमध्ये नाविक फक्त स्क्रीनवरचा आकडा फुगवतोय. ते चालू-बंद केल्याने उत्तर बदलतंय असं वाटलं, तर खरा बदल दुसऱ्या कुठल्या सेटिंगचा आहे.

आता मूळ प्रश्न. शेतात उभे राहून आपण सिग्नल कधीच मोजत नाही. मोजतो ते उपग्रह, आयनोस्फिअर, जागा, अँटेना, केबल आणि रिसीव्हर या सगळ्यांची बेरीज. जिनिंगवर कापसाची गाडी भरलेली तोलतात आणि मग रिकामी तोलतात, तसं एकेक गोष्ट वजा करत जावं लागतं. नव्या सिग्नलची जी काही तपासणी आहे ती या वजाबाकीतच आहे. पोझिशन किती चांगली आली हे पाहून सिग्नलबद्दल काही ठरवू नका. पोझिशनमध्ये तीस उपग्रह एकमेकांचे दोष झाकत असतात.

सिग्नल थेट ‘पाहणं’ आपल्या हातात का नाही, तेही सांगतो. जीपीएस एल१ ची जमिनीवर मिळणारी किमान ताकद उणे १५८.५ डीबी-वॅट, म्हणजे उणे १२८.५ डीबीएम. दोन मेगाहर्ट्झ रुंदीत नुसत्या उष्णतेचा नॉइजच सुमारे उणे १११ डीबीएम असतो. सिग्नल नॉइजच्या सतरा-अठरा डीबी खाली गाडलेला आहे. रिसीव्हर कोड, म्हणजे सिग्नलवर चढवलेली खुणांची ठरावीक मालिका, जुळवून तो वर काढतो, पण कोडच्या कडा सरळ आहेत की तिरक्या, हे त्यात दिसत नाही. ते बघायला मोठी डिश लागते. गॅलिलिओचा पहिला चाचणी उपग्रह जिओव्ह-ए डिसेंबर २००५ मध्ये वर गेला, तेव्हा इंग्लंडमधल्या चिलबोल्टनच्या २५ मीटर डिशने त्याचा सिग्नल तपासला होता. तेवढी डिश एल-बँडला सुमारे ५० डीबी वाढ देते, म्हणजे सिग्नल नॉइजच्या बराच वर येतो आणि लहरीचा आकार स्कोपवर दिसतो.

आकाराची एवढी पंचाईत का, याचं उत्तर १९९३ सालात आहे. अमेरिकेत ऑशकॉशच्या विमान-मेळ्यात डिफरन्शियल जीपीएसची (बेसच्या मदतीने चूक वजा करण्याच्या पद्धतीची) तपासणी चालू असताना लक्षात आलं की एसव्हीएन-१९ हा एक उपग्रह धरला की उंचीत काही मीटरची चूक येते, आणि सोडला की उत्तर अर्ध्या मीटरच्या आत बसतं. डिफरन्शियलमध्ये उपग्रहाची चूक कटायला हवी ना? मग ही का कटली नाही? कारण बेस आणि रोव्हर यांची आतली बनावट, म्हणजे बँडविड्थ आणि कोरिलेटरमधलं (कोड जुळवणाऱ्या भागांमधलं) अंतर, वेगवेगळं होतं. कोडच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक रिसीव्हर त्या आपापल्या पद्धतीने वाचत होता. उपग्रहावरचं राखीव उपकरण चालू केल्यावर दोष गेला. विमान उतरवणाऱ्या यंत्रणांमध्ये सिग्नलच्या आकारावर सतत नजर ठेवण्याची पद्धत या प्रकरणानंतर रुजली.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी: बेस आणि रोव्हर एकाच कंपनीचे असतील तर सिग्नलचा असा दोष तुम्हाला दिसणारच नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील तर दिसेल. तपासणीसाठी मुद्दाम वेगळे घ्या.

दुसरं प्रकरण तर थेट नव्या सिग्नलचंच आहे. मार्च २००९ मध्ये गेलेल्या जीपीएसच्या एसव्हीएन-४९ वर एल५ चं प्रात्यक्षिक उपकरण बसवलं होतं. ते ज्या पोर्टला जोडलं होतं तिथून एल१ आणि एल२ चा थोडा भाग परत फिरून किंचित उशिराने अँटेनातून बाहेर पडू लागला. म्हणजे मल्टिपाथ (सिग्नल कशावरून तरी आपटून उशिरा पोचणं) थेट उपग्रहातच. जमिनीवर त्याची खूण अशी की उपग्रह क्षितिजाजवळ असताना चूक एक, डोक्यावर येईपर्यंत चूक दुसरी, फरक काही मीटरचा. नवा सिग्नल जोडताना जुने दोन बिघडले! चीनच्या बायदूच्या दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांतही उंचीच्या कोनानुसार बदलणारी कोडची चूक सापडली, मध्यम कक्षेतल्या उपग्रहांना क्षितिजापासून डोक्यापर्यंत मीटरभर. म्हणून कुठलाही नवा सिग्नल तपासताना पहिला आलेख उंचीच्या कोनाविरुद्ध काढायचा, वेळेविरुद्ध नंतर.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं.

जागेपासून सुरुवात करा. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात रोवलेला खांब स्थिर राहत नाही. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा, नाहीतर पारोळ्याकडच्या माळासारखा उघडा खडक शोधा. गच्ची सोयीची असते, पण पाण्याची टाकी, सोलर हीटर आणि कठडा ही मल्टिपाथची खाण. गच्चीच घ्यायची असेल तर अँटेना कठड्याच्या वर काढा. नाविकसाठी दक्षिण आणि पूर्व बाजू मोकळी हवी. जळगावहून ८३ अंश रेखांशावरची नाविक उपग्रहाची जागा दक्षिणेकडे किंचित पूर्वेला, सुमारे ६४ अंश उंचीवर दिसते. ३२.५ अंशावरची नैर्ऋत्येच्या थोडी पश्चिमेला ३६ अंशांवर. आणि १२९.५ अंशावरची, जिथे एल१ देणारा एनव्हीएस-०१ आहे, ती पूर्वेला थोडी आग्नेयेकडे, जेमतेम २५ अंशांवर. म्हणजे ज्या नव्या एल१ ची तुम्हाला उत्सुकता आहे तो सिग्नल तुमच्याकडे झाडांच्या शेंड्यांवरून येतो. कमजोर दिसला तर त्यात नवल नाही.

मग रिसीव्हरच्या सेटिंग. कोड स्मूदिंग (कोडचे चढउतार सपाट करणारी सोय) बंद, मल्टिपाथ कमी करण्याची जी काही खास सोय कंपनीने दिली असेल ती बंद, एलिव्हेशन मास्क (किती अंशांखालचे उपग्रह सोडायचे ती मर्यादा) शून्य, एका सेकंदाने लॉग, पूर्ण चोवीस तास, आणि डेटाची फाइल रायनेक्स या स्वरूपात, ३ किंवा त्यापुढची आवृत्ती. स्मूदिंग चालू राहिलं तर कोड इतका गुळगुळीत दिसतो की काय विचारता. बाजारातल्या तुलनांमधले निम्मे आकडे मी याच एका कारणाने बाजूला ठेवतो. नाविक एल५ चा कोड रायनेक्समध्ये सी५ए या नावाने येतो. तो रकाना रिकामा असेल तर रिसीव्हर नाविक दाखवतोय पण कच्चा डेटा देत नाहीये, हेही होतं.

पहिली पायरी ताकद. सिग्नल-टू-नॉइजचे डीबी-हर्ट्झमधले आकडे उंचीच्या कोनाविरुद्ध मांडा. चांगल्या अँटेनाला उंच उपग्रहावर ४५ ते ५०, खाली पस्तिशीच्या आसपास. प्रत्येक कंपनी हा आकडा आपल्या पद्धतीने काढते, त्यामुळे तुमच्या रिसीव्हरवरचे ४७ आणि मित्राच्या रिसीव्हरवरचे ४५ यांची तुलना करू नका. एकाच रिसीव्हरवर, एकाच उपग्रहाच्या दोन सिग्नलमधला फरक पाहा. तो फरक त्याच पिढीच्या सगळ्या उपग्रहांना सारखाच यायला हवा. एखाद्याचा निराळा आला तर त्याच्याकडे वळा. भूस्थिर उपग्रहांची इथे एक गंमत आहे. ते आकाशात जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून त्यांची ताकद चोवीस तास सपाट रेषेसारखी दिसायला हवी. तिच्यात दुपारी खड्डा पडत असेल तर तो बहुधा तुमच्या अँटेनाचा नाहीतर केबलचा आहे. भुसावळच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, पत्र्यावर ठेवलेल्या अँटेनाचा ॲम्प्लिफायर काय करतो ते यात छान दिसतं.

दुसरी पायरी कोडची, आणि इथे थोडं थांबायला हवं. कोडच्या मोजमापातून कॅरियरचं, म्हणजे कोड जिच्यावर चढवलेला असतो त्या मूळ लहरीचं, मोजमाप वजा केलं की भूमिती, घड्याळं, ट्रॉपोस्फिअर सगळं जातं. उरतात कोडचा नॉइज, मल्टिपाथ, एक स्थिरांक, आणि आयनोस्फिअर दुप्पट. दुप्पट का, तर आयनोस्फिअर कोडला उशीर करतो आणि कॅरियरला तेवढंच पुढे ढकलतो. खान्देश साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्तीय आयनीकरणाच्या उत्तरेकडच्या उंचवट्याच्या अगदी दाराशी. सूर्य सक्रिय असताना दुपारी इलेक्ट्रॉनांचं प्रमाण पहाटेपेक्षा पन्नास टीईसी एककांनी (हे त्या प्रमाणाचंच माप) सहज वाढतं. एक एकक म्हणजे एल१ ला १६ सेंटिमीटर, एल५ ला २९, नाविकच्या एस-बँडला (२४९२.०२८ मेगाहर्ट्झ) साडेसहा. पन्नास एककांना एल५ वर साडेचौदा मीटर, आणि कोड-वजा-कॅरियरमध्ये २९ मीटरची घसरण! नवखा माणूस हा आलेख पाहून ‘नाविकचा एल५ वाहून चालला’ असं म्हणतो. तो वाहत नाही. युरोपातल्या लेखांमधले आलेख आपल्या आकाशाला लावले की असं होतं.

म्हणून दोन फ्रिक्वेन्सींचे कॅरियर घेऊन मल्टिपाथ मिश्रण काढायचं, त्यात आयनोस्फिअरही बाद होतो. आरटीकेलिबमध्ये हा आलेख तयार मिळतो. माळावर, स्मूदिंग बंद ठेवून, मला जीपीएसचा जुना एल१ कोड तीस-चाळीस सेंटिमीटरच्या घरात दिसतो, आणि एल५ व गॅलिलिओचा ई५ए त्याच्या निम्म्याच्या आसपास. कारण एल५ च्या कोडची एक चिप, म्हणजे मालिकेतली एक खूण, २९ मीटरची आहे, जुन्या एल१ ची २९३ मीटरची. चिप आखूड तर लांबून आलेला परतीचा सिग्नल वेगळा पडतो.

इथेच नाविकबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ‘एल५ म्हणजे चांगला’ हे नाविकच्या सर्वसामान्य सेवेला जसंच्या तसं लागू नाही. फ्रिक्वेन्सी तीच असली तरी नाविकच्या एल५ वरचा खुला कोड सेकंदाला १०.२३ लाख चिपचा आहे, जीपीएसच्या एल५ चा १ कोटी २.३ लाख चिपचा. म्हणजे नाविक एल५ ची चिपही २९३ मीटरचीच. त्याचा कोड जीपीएस एल५ पेक्षा खडबडीत दिसला तर तो बिघाड नव्हे, तसं डिझाइनच आहे. तुलना करायचीच असेल तर जुन्या जीपीएस एल१ शी करा. नाविकच्या नव्या एल१ वर मात्र एसबीओसी मॉड्युलेशन (कोड लहरीवर चढवण्याची नवी पद्धत) आणि १०,२३० चिपचा कोड आहे, त्यामुळे त्याच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

मल्टिपाथ मिश्रणात एक सापळा आहे, आणि नाविकवाले सगळे त्यात पाय टाकतात. त्या मिश्रणात कॅरियरचा अज्ञात स्थिरांक असतो, म्हणून आपण सरासरी वजा करून शून्याभोवती आणतो. फिरत्या उपग्रहाला हे चालतं, कारण त्याचा मल्टिपाथ वर-खाली होत राहतो. भूस्थिर उपग्रह हलत नाही, त्यामुळे समोरच्या भिंतीवरून येणारा परतीचा सिग्नल दिवसभर तेवढाच राहतो. समजा तो मीटरभराची चूक देतोय. सरासरीबरोबर ती आख्खी चूक गायब होते आणि आलेख सुंदर दिसतो. भूस्थिर उपग्रहाचा मल्टिपाथ-आकडा लहान आला म्हणून खूश होऊ नका. खरी परीक्षा वेगळी: अँटेनाची जागा आणि उंची दोन-चार वेळा काही डेसिमीटरने बदला, प्रत्येक जागेचे कोऑर्डिनेट पक्के करा, आणि त्या ज्ञात बेसलाइनवर त्या उपग्रहाच्या कोडचा उरलेला फरक बघा. अँटेना हलवल्यावर तो बदलला तर दोष जागेचा. तसाच राहिला तर रिसीव्हरचा नाहीतर सिग्नलचा.

जागा आणि सिग्नल वेगळे करण्याचा आणखी एक उपाय घड्याळात आहे. जीपीएसची आकाशातली मांडणी नाक्षत्र दिवसाने, म्हणजे २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांनी परत येते. जागेचा मल्टिपाथ दुसऱ्या दिवशी सुमारे चार मिनिटं आधी जसाच्या तसा उमटतो. दोन दिवसांचे आलेख तेवढे सरकवून एकावर एक ठेवा. जुळले ते जागेचं, न जुळलेलं बाकीचं. गॅलिलिओला हे चालत नाही, त्याची मांडणी दहा दिवसांनी परत येते. नाविकच्या कललेल्या कक्षांना चालतं. पण तिथे ऊन आणि भूमिती दोन्ही जवळजवळ चोवीस तासांच्याच तालावर असल्यामुळे दोन दिवसांत फरक कळत नाही. मग पंधरा दिवसांनी पुन्हा लॉग करा. तोवर भूमिती जवळजवळ एक तास आधी सरकलेली असते, सूर्य जिथल्या तिथे असतो. नमुना तासभर आधी आला तर भूमितीचा, घड्याळाच्या त्याच वेळेला राहिला तर उन्हाचा किंवा आयनोस्फिअरचा.

तिसरी पायरी झिरो बेसलाइन. एक अँटेना, स्प्लिटर, दोन रिसीव्हर. अँटेना, मल्टिपाथ, आकाश सगळं दोघांना सारखं, म्हणून दुहेरी फरकात (दोन रिसीव्हर आणि दोन उपग्रह यांच्यातल्या वजाबाकीत) कटतं. उरतो तो रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज. कॅरियरला हा फरक मिलिमीटरच्या आसपास यावा. त्याच मॉडेलचे दोन रिसीव्हर जोडून हे आधी करा, मग वेगळ्या कंपनीचा जोडा. दुसऱ्या वेळी कोडमध्ये एखाद्या उपग्रहाला कायमचा फरक दिसू लागला, तर वर सांगितलेलं एसव्हीएन-१९ आठवा: दोघे एकाच लहरीचा आकार वेगळा वाचताहेत.

तीन फ्रिक्वेन्सी असल्या की आणखी एक तपासणी फुकटात मिळते. तिन्ही कॅरियरचं असं मिश्रण काढता येतं ज्यात भूमितीही नाही आणि आयनोस्फिअरही नाही. ते सपाट असायला हवं. २०१० मध्ये नियमित एल५ घेऊन गेलेला पहिला जीपीएस उपग्रह एसव्हीएन-६२ याच मिश्रणात दहा-वीस सेंटिमीटरने डोलताना सापडला. उपग्रहावर ऊन-सावली बदलली की आतले फिल्टर आणि केबल तापतात, आणि एल५ चा मार्ग एल१-एल२ च्या मार्गापेक्षा वेगळा असल्याने त्याचा उशीर वेगळा बदलतो. आरटीकेमध्ये हे कटतं, तुम्हाला त्रास नाही. पीपीपीवर (बेसशिवाय एकाच रिसीव्हरने अचूक जागा काढण्याच्या पद्धतीवर) काम करत असाल तर सॉफ्टवेअरला हे माहीत आहे का, ते विचारा.

आता ज्याला सिग्नलचा दोष समजतात पण जो नसतो, ते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, संध्याकाळी साडेसातनंतर मध्यरात्रीपर्यंत आपल्याकडे सिंटिलेशन, म्हणजे आयनोस्फिअरमुळे सिग्नलचं लुकलुकणं, होतं. ताकद काही सेकंदांत वीस डीबीपर्यंत कोसळते, लॉक तुटतो. ओळख अशी की दक्षिणेकडच्या आकाशातले सगळे उपग्रह, जीपीएस असोत की बायदू, त्या सुमारास आजारी पडतात आणि उत्तरेकडचे ठीक असतात. नाविकचे भूस्थिर उपग्रह आपल्या आकाशात दक्षिणेच्याच बाजूला असल्याने बिचारे पहिले सापडतात. रात्रीचा आणि दिवसाचा डेटा वेगळा काढून बघितल्याशिवाय नाविकला नावं ठेवू नका.

एस-बँडला वाय-फायचा शेजार आहे. वाय-फायचा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो, नाविक त्याला अगदी खेटून. रिसीव्हरचं स्वतःचं हॉटस्पॉट चालू ठेवून एस-बँड तपासणारे पाहिले आहेत. एल५ हा विमानांच्या डीएमई (अंतर मोजण्याच्या) यंत्रणेच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे विमानतळाजवळ त्याला छोटे-छोटे धक्के बसतात. आणि धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला काही सेकंदांसाठी फक्त एल१ चे सगळे उपग्रह एकदम बुडाले आणि एल५ जिवंत राहिला, तर कोणीतरी ट्रॅकर चुकवायला बेकायदा जॅमर घेऊन गेलं असं समजा. अशा वेळी एजीसीचा, म्हणजे रिसीव्हर आलेला सिग्नल आपोआप किती वाढवतोय त्याचा, आकडा बघा. ताकद पडली आणि एजीसीही हलला तर बाहेरचा हस्तक्षेप. ताकद पडली, एजीसी जागेवर, तर झाड, माणूस नाहीतर आयनोस्फिअर.

केळीची बाग या शेवटच्या प्रकारात मोडते. रावेर-यावलकडच्या बागा तुम्हाला माहीत आहेतच: पान रुंद, पाण्याने भरलेलं, आणि ठिबकमुळे खालची जमीन ओली. पानातून सिग्नल कमी होतो आणि ओल्या जमिनीवरून परत येतो. अशा ठिकाणी जीपीएस एल५ आणि ई५ खरोखर उपयोगी पडतात, बंद ठेवू नका. नाविक एल५ तिथे त्याच्या लांब चिपमुळे फारशी भर घालत नाही. बागेलगतच्या बांधाला फिक्स येत नसेल तर बागेपासून लांब दोन पॉइंट घ्या आणि टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) आत या. शेतकरी ‘दादा, मना बांध सरकना का?’ म्हणून डोक्यावर उभा असताना फ्लोट, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, सोल्यूशनवर हद्द सांगणं परवडत नाही.

हेल्थ फ्लॅगचं, म्हणजे सिग्नल वापरण्याजोगा आहे की नाही हे सांगणाऱ्या खुणेचं, राहिलं. जीपीएसचा एल५ अनेक वर्षं प्रक्षेपित होत असूनही ‘अनहेल्दी’ अशी खूण लावूनच येत होता, कारण ती सेवा अधिकृतपणे सुरू झाली नव्हती. काही रिसीव्हर ती खूण पाळतात आणि एल५ टाकून देतात, काही दुर्लक्ष करतात. तुमचा रिसीव्हर काय करतो ते मेनूत बघा, नाहीतर तुम्ही एल५ ‘चालू’ करूनही तो गणितात नसेल. नाविकच्या बाबतीत ही खूण आणखी गंभीरपणे घ्या. २०१३ पासून गेलेल्या पहिल्या पिढीच्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली आहेत. असा उपग्रह आकाशात असतो, यादीत दिसतो, पण पोझिशनच्या कामाचा नसतो. एल१ देणारा पहिला उपग्रह एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ ला गेला, त्यात स्वदेशी रुबिडियम घड्याळ आहे. २९ जानेवारी २०२५ ला गेलेला एनव्हीएस-०२ मात्र इंजिनाला ऑक्सिडायझर पोचवणारे व्हॉल्व्ह न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. एक-दोन उपग्रहांवर नुसत्या नाविक एल१ ची पोझिशन निघत नाही, चार तरी लागतात. म्हणून ‘नाविक एल१ ची अचूकता’ असा आकडा कोणी विक्रेता सांगू लागला तर कुठल्या उपग्रहांवर मोजली, एवढंच विचारा.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर: जीपीएस एल५ आणि गॅलिलिओ ई५ चालू ठेवा, पण अँटेनाचा एल५ सह मोजलेला तक्ता मिळवून टाका. तो मिळेपर्यंत उंचीची कामं एल१-एल२ वरच करा. आरटीकेसाठी नाविक चालू असलं-नसलं तरी, बेसकडून ११३१ ते ११३७ येत नाहीत तोवर काही बिघडत नाही. येऊ लागतील त्या दिवशी माळावरचा चोवीस तासांचा लॉग आणि झिरो बेसलाइन आधी करा, बांधावर नंतर जा. स्प्लिटर घेताना फक्त एका पोर्टमधून अँटेनाला डीसी जातो आणि बाकीचे बंद असतात, हे पाहून घ्या. दोन्ही रिसीव्हर एकदम वीज पाठवू लागले तर अँटेनाचा ॲम्प्लिफायर जळू शकतो, आणि मग तपासायला काही उरत नाही.